पट्टेरी पाहुणा ओळखताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वसंतात दक्षिणेचा उबदार वारा सुटला, की दिव्याच्या सापळ्यात क्वचित एक देखणा निशाचर पतंग सापडतो: स्ट्राइप्ड हॉकमॉथ, शास्त्रीय नाव हायलिस लिवॉर्निका. त्याचं घर उत्तर आफ्रिका आणि भूमध्य समुद्राच्या आसपास. तिथून समुद्र ओलांडून येणारा हा जीव पाहायला मिळणं हे खरोखर भाग्यच!

गफलत होते ती बेडस्ट्रॉ हॉकमॉथशी, म्हणजे हायलिस गॅलीशी. तोही ब्रिटनमध्ये बाहेरून येतो. दोघांचे मागचे पंख गुलाबी-काळे, पुढचे तपकिरी-हिरवट आणि त्यांवरून टोकापर्यंत गेलेला फिकट पट्टा. म्हणून मागच्या पंखांच्या रंगावर भिस्त ठेवू नये. पुढच्या पंखाच्या शिरा पाहाव्यात. लिवॉर्निकात त्या पांढऱ्याशुभ्र असतात आणि फिकट पट्ट्याला आडव्या छेदून जातात. गॅलीचा पट्टा सलग, कोरा. छातीवर लिवॉर्निकाला पाठीच्या मधल्या भागातही पांढऱ्या रेघा असतात, गॅलीला केवळ कडेला.

तिसरा भाऊबंद स्पर्ज हॉकमॉथ. त्याच्या पंखाची पुढची कड फिकट आणि तुटक डागांची; आधीच्या दोघांची मात्र गडद, अखंड.

लांबच्या प्रवासात पंखांवरचे खवले झडतात, रेघा पुसट होतात. अशा वेळी पतंगाला न हाताळता वरून सरळ, पंख आणि छाती दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो काढा आणि मगच नाव लिहा.