भरती-ओहोटीच्या वेळेने डहाणू-बोर्डी

डहाणूच्या पारनाक्यापासून गुजरातच्या वेशीवरल्या झाईपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता जेमतेम वीस किलोमीटरचा आहे. आगर, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि झाई ही त्यावरची गावे. एका बाजूला सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. गाडी न थांबवता हाकली तर पाऊण तासात सगळे संपते. श्रीलंका किंवा थायलंडच्या सहलीत लोक जे शोधायला जातात, म्हणजे रस्त्यालगतचा समुद्र, ताडामाडांची सावली, फळांचे ठेले, घरगुती मुक्काम आणि कुठेही पोहोचण्याची घाई नसणे, ते सारे इथे मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. डहाणू साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला येते. तेव्हा उष्ण कटिबंधातली सुट्टी म्हणायला भूगोलाचीही हरकत नसावी.

मुंबईहून गाडीने निघाल्यास राष्ट्रीय महामार्ग ४८ धरायचा, मनोर मागे टाकायचे आणि चारोटी नाक्याला पश्चिमेकडे वळायचे. न वळता महामार्गानेच दोन-चार किलोमीटर पुढे गेल्यास विवळवेढे इथले महालक्ष्मीचे देऊळ लागते. चैत्र पौर्णिमेपासून इथे पंधरवडाभर यात्रा भरते. त्या दिवसांत महामार्गाचा हा पट्टा बैलबाजारासारखा गजबजलेला असतो. निवांतपणासाठी निघालेल्यांनी ते दिवस टाळावेत आणि यात्राच पाहायची असेल त्यांनी मुद्दाम तेव्हाच जावे.

चारोटी ते डहाणू हा रस्ता बहुतेक जण समुद्राच्या ओढीने भरधाव पार करतात. पण वाटेतल्या गंजाडजवळचा कळंबीपाडा हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. वारली चित्रे मूळची लग्नघरातली. शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली, लग्नविधीबाहेर काढली आणि रोजच्या जगण्यातले विषय तिच्यात घेतले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर छापील तारपा नाच पाहून ज्यांना वारली चित्र म्हणजे वर्तुळात नाचणारी माणसे एवढेच ठाऊक असते, त्यांनी अस्सल चित्र जवळून पाहावे. मासे पकडण्याचे जाळे काढताना एकेक दोरा वेगळा दिसावा इतकी बारीक रेघ बांबूच्या काडीने ओढलेली असते.

गंजाड, आशागड, सरावली अशा गावांतून रस्ता डहाणूकडे येतो. समुद्र अजून दिसत नाही. विखुरलेले पाडे, भातखाचरे आणि ताडाची झाडे लागतात. पावसाळ्यानंतर खाचरे पिवळी पडू लागली की हा रस्ता सर्वांत देखणा असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे सहलीचे खरे महिने. उन्हाळ्यात दुपारी किनाऱ्यावर पाय ठेववत नाही, पण तेव्हा ताडगोळे मिळतात. सकाळी लवकर उठणाऱ्याला नीराही मिळते. ऊन चढले की ती आंबायला लागते आणि तिची ताडी होते, त्यामुळे नीरेची वेळ सूर्य ठरवतो.

किनाऱ्यावरची बाकीची वेळ मात्र चंद्र ठरवतो. डहाणूचा समुद्र खंभातच्या आखाताच्या तोंडाशी येत असल्याने इथे भरती-ओहोटीतला फरक दक्षिण कोकणापेक्षा बराच जास्त, उधाणाच्या दिवसांत चार-पाच मीटरपर्यंत असतो. त्यात किनाऱ्याचा उतार फारच मंद. परिणामी ओहोटीला पाणी कित्येकशे मीटर मागे हटते आणि पोहण्याच्या तयारीने आलेल्या माणसासमोर ओल्या, चमकत्या गाळाचे मैदान उरते. अनेक जण इथेच निराश होऊन परततात. किनारा पाहायला येण्याआधी पंचांग पाहावे ही साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते.

कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तिथीमागे पाऊण तास हा ठोकताळा त्यावरूनच आलेला. डहाणूकडे मुंबईपेक्षा थोडा उशीर धरावा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे चढही कमी आणि उतारही कमी. सहलीच्या भाषेत याचा अर्थ असा की पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी संध्याकाळी समुद्र दूर गेलेला असेल आणि सूर्यास्त ओल्या वाळूत दोनदा दिसेल, एकदा आकाशात आणि एकदा पायाखाली. अष्टमीच्या सुमारास गेल्यास संध्याकाळी लाटा बऱ्याच जवळ येतील.

ओहोटीच्या किनाऱ्यावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. चिखले गावाच्या नावाचा चिखलाशी संबंध असो वा नसो, किनारा मात्र नावाला जागतो. वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या उमटलेल्या असतात आणि मध्येच मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. हे काम चिंचोक्याएवढ्या खेकड्यांचे. ते वाळू तोंडात घेऊन त्यातले खाद्य वेचतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकून देतात. माणूस दहा पावलांवर आला की सगळे एकदम बिळात. तो निश्चल उभा राहिला तर दोन-तीन मिनिटांत एकेक डोळा वर येतो. मुलांना घेऊन आलेल्यांनी हा खेळ जरूर करावा. गाळात पाय पिंडरीपर्यंत रुतेल तिथे मात्र आणखी आत जाऊ नये. सपाट किनाऱ्यावर भरतीचे पाणी चढते तेव्हा गाजावाजा करत नाही, आधी मागच्या चरांत शिरते आणि मग समोरून येते.

बोर्डीची वाळू त्या मानाने घट्ट आहे आणि मुक्कामाची सोयही तिथेच अधिक. राहण्याच्या जागा बहुतेक वाड्यांमधल्या, जुन्या पारशी-इराणी बंगल्यांच्या आवारातल्या किंवा गावातल्या घरगुती. जेवणात बोंबील, पापलेट, कोळंबी आणि पारशी वळणाचा पात्रा मासा असतो. थंडीत उकडहंडी मिळाली तर सोडू नये. वालपापडी, रताळी, कोनफळ आणि शेंगा मडक्यात बंद करून शिजवतात. हा पदार्थ हॉटेलच्या कार्डावर क्वचितच असतो, घरी विचारावा लागतो.

या पट्टीचे खरे वैभव चिकू. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्याच्या चिकापासून तिकडे पूर्वी चघळण्याचा गोंद, म्हणजे आजचे च्युइंगगम, बनवत. डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या वाढवण्यात इराणी आणि पारशी बागायतदारांचा मोठा वाटा आहे. मुख्य जात कालीपत्ती. घोलवडच्या जमिनीत कॅल्शियम जास्त असल्याने फळाला वेगळी गोडी येते असे मानले जाते. २०१६ मध्ये डहाणू घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. बोर्डीत चिकू महोत्सवही भरतो. वाडीत शिरले की दुपारी बारा वाजताही गारवा असतो, कारण चिकूचे झाड पानझड करत नाही आणि फांद्या जवळजवळ जमिनीला टेकतात. लांब बांबूला जाळी बांधून फळे उतरवतात. नुकते उतरवलेले फळ दगडासारखे असते आणि देठातून पांढरा चीक गळतो. नखाने साल जराशी खरवडल्यावर आत हिरवे दिसले तर फळ कच्चे, पिवळसर दिसले तर उतरवण्याजोगे. मग ते तीन-चार दिवस पिकायला ठेवायचे. म्हणून रस्त्यावर पेटी घेताना मऊ फळांच्या मागे लागू नये. मऊ फळ त्याच संध्याकाळी खावे, घरी न्यायला कडकच घ्यावे. घोलवडला लिचीही होते, पण तिचा हंगाम उन्हाळ्यातले मोजके दिवस.

मुंबईला इतक्या जवळ असूनही ही पट्टी उंच हॉटेलांनी भरली नाही, याला कारण आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. जमिनीचा वापर बदलण्यावर बंधने आली आणि उद्योगांसाठी तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर जमीन, अशी मर्यादा पडली. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टाही ठरला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या साऱ्या घडामोडींमागे ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पाला झालेला विरोध होता. प्रकल्प अखेर उभा राहिलाच, पण त्याच्या पाठोपाठ येऊ शकणारे कारखाने बरेचसे थांबले. पर्यटकाला जे ‘अजून बिघडलेले नाही’ असे वाटते, त्यातले पुष्कळसे न्यायालयात लढून राखलेले आहे. डहाणूच्या दक्षिणेला वाढवण इथे १९९० च्या दशकात मांडलेला बंदराचा प्रस्ताव याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. धाकटी डहाणूच्या बाजूला बांबूंवर ओळीने वाळत टाकलेले बोंबील पाहिले की त्या विरोधाचे कारण वेगळे समजावून घ्यावे लागत नाही. गाळाचा उथळ समुद्र हेच बोंबलाचे घर आहे आणि मांगेला समाजाचे पोटपाणी त्यावर चालते.

गाळाच्या या समुद्रात पावसाळ्यात जखमी कासवे वाहून येतात, कधी जाळ्यात अडकलेली, कधी एखादा पाय गमावलेली. वन विभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था डहाणूत त्यांच्यासाठी शुश्रूषा केंद्र चालवतात. किनाऱ्यावर कासव दिसल्यास ते पुन्हा पाण्यात ढकलू नये. ते बहुधा थकलेले किंवा आजारी असते. वन विभागाला कळवावे.

दुसऱ्या दिवशी समुद्राकडे पाठ फिरवायला हरकत नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. बोर्डीत १९४५ मध्ये सुरू झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये इथे आले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून अंगणात भरणारी बालवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेचे एक मूळ या टेकडीवर आहे.

बोर्डीहून आठ-दहा किलोमीटरवर बारडाचा डोंगर आणि त्यात कोरलेली बहरोटची लेणी आहेत. पारशांच्या जुन्या वस्तीवर, संजाणवर, आक्रमण झाले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, इथे आणून बारा वर्षे जपला अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे तो वांसदा, नवसारी असा फिरत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला आणि आजही तिथे तेवतो. डोंगर फार उंच नाही, पण वाट उघडी आहे. सकाळी सातच्या आत चढायला लागावे आणि पाणी सोबत घ्यावे.

झाईच्या पुढे गुजरात. उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. राज्ये वेगळी झाली तरी दोन्हीकडच्या बाजारांत मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात ऐकू येते. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत झाले होते. दूरदर्शनवर १९८७ पासून रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारी अयोध्या म्हणजे झाईपासून थोड्या अंतरावरचे हे ठिकाण.

परतीला आलेल्याच रस्त्याने जाण्यापेक्षा बोर्डीहून पूर्वेला वळून तलासरीमार्गे महामार्ग गाठावा. इथल्या वाड्यांमध्ये आणि शेतांवर एके काळी आदिवासी वेठबिगारीने राबत. त्याविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला, त्यात गोदावरी परुळेकर होत्या. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याची हकिकत आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तलासरीत आजही चौकाचौकांत लाल बावटा दिसतो.

रविवारी संध्याकाळी महामार्गावर ठाण्याच्या अलीकडे वाहनांची रांग लागते, त्यामुळे जेवण करून दुपारीच निघणे बरे. गाडी नसली तरी अडत नाही. २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावते, पण फेऱ्या मोजक्याच. स्थानकाबाहेर बोर्डीकडे जाणाऱ्या रिक्षा आणि एसटी मिळते. चिकूची पेटी मात्र लोकलच्या दारात ठेवू नये. वैतरणा येईपर्यंत डबा भरतो आणि तिच्यावर कोणीतरी बसतेच.