तिथी एक, घड्याळे दोन

कार्तिक शुद्ध द्वितीया ही यमद्वितीया. आपल्या व्यापातून क्षणाचीही सवड न मिळणारा यमधर्म बहीण यमुनेच्या वारंवार बोलावण्याला अखेर मान देऊन तिच्या घरी गेला, तिच्या हातचे जेवला आणि प्रसन्न होऊन वर देता झाला, ही कथा वाचकांच्या परिचयाची आहे. आम्ही ती कीर्तनातून गेली चाळीस वर्षे सांगत आलो. या कथेत भाऊ बहिणीच्या दारी जातो, ओवाळणे मागाहून येते, ही साधी गोष्ट मात्र आमच्या अंतःकरणाला भिडावयास साठी उलटावी लागली.

आमची थोरली बहीण अक्का यजमानांच्या पश्चात अमेरिकेत न्यू जर्सी येथे मुलाकडे राहावयास गेली. कृष्णाकाठच्या आमच्या वाईच्या घरी भाऊबीजेचा पाट त्यानंतर रिकामाच राहू लागला. पुढे इ. स. २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा शेजारच्या गावीही जाता येईना, तेव्हा भाच्याने व्हिडिओ कॉलची व्यवस्था लावून दिली आणि अक्काने आम्हांस काचेतून ओवाळले. हे शास्त्राला धरून आहे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांनी आम्हांस विचारला. त्यांना आम्ही आपल्याच घरातील चाल दाखविली. भाऊबीजेच्या सायंकाळी आपल्या बायका आधी चंद्रकोरीला ओवाळतात आणि जिला भाऊ नाही ती चंद्रालाच भाऊ मानते. जेथे आकाशातील चंद्रापर्यंत निरांजनाची ज्योत पोचते, तेथे न्यू जर्सीहून वाईला पोचावयास तिला कसली अडचण?

एका तासाची वाट

दि. ३ नोव्हेंबर २०२४ ची भाऊबीज मात्र आम्ही कधी विसरणार नाही. सायंकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडच्या सकाळी नऊला, बसावयाचे ठरले होते. रांगोळी झाली, पाट मांडला, समई लावली, पोथी ठेवण्याच्या लाकडी व्यासपीठावर फोन उभा केला. साडेसहा झाले, पावणेसात झाले. आम्ही फोन लावला तो कोणी उचलीना. अक्काचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या पावसाळ्यात ती दोनदा रुग्णालयात जाऊन आलेली. समईत दोनदा तेल घातले गेले. चंद्रकोर डोंगराआड गेली. घरात कोणी काही बोलेना. आणि जे मनात आले ते सणाच्या दिवशी उच्चारू नये असेच होते.

साडेसातला घंटा वाजली. पडद्यावर अक्का नऊवारी नेसून, ताट हाती घेऊन बसलेली! झाले होते ते इतकेच, की अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतात, आणि तो रविवार नेमका भाऊबीजेचा होता. आदल्या दिवशीपर्यंत साडेनऊ तासांचे असलेले अंतर त्या दिवशी साडेदहा तासांचे झाले होते. आम्ही काळजीने हैराण होत होतो तेव्हा तिकडे आठ वाजले होते, भाचा निजलेला होता आणि अक्का स्नान करीत होती.

तिने ओवाळले. कुंकू लावण्यासाठी बोट पुढे केले, ते काचेवर कोठे टेकवावे हे तिला कळेना. "कपाळ कुठे गेलं रे तुझं?" असे तिने विचारले, तेव्हा आम्ही मान खाली घालून कपाळ पुढे केले. मग ती म्हणाली, "ओवाळणी घाल ताटात." आम्ही म्हटले, "अक्का, हात पोचत नाही." ती म्हणाली, "मग ये."

पूर्वतयारी

या अनुभवातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. ते अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. म्हणून तिचा आरंभ आणि अंत साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो. निरनिराळी असतात ती घड्याळे. आमच्या सायंकाळी आणि अक्काच्या सकाळी द्वितीया एकच होती. सण कोणत्या दिवशी करावयाचा हे मात्र स्थानिक सूर्योदयादी कालावरून ठरते, यास्तव परदेशस्थांनी तेथील पंचांग पाहावे.

वेळ ठरविताना दोन्ही गावांची घड्याळे कागदावर लिहून घ्यावी. न्यू जर्सीचे अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. इंग्लंडचे साडेचार व साडेपाच. तेथील बदल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दुबईचे अंतर बाराही महिने दीड तासच.

समई वा खिडकी पाठीशी नसावी, मुख काळवंडते. उजेड समोरून यावा. फोन हातात न धरता डोळ्यांच्या उंचीवर टेकवावा. निरांजन काचेपासून हातभर दूर फिरवावे. आरती मात्र दोन्ही घरांनी एकदम म्हणू नये. आवाज पोचण्यास किंचित विलंब लागतो आणि ताल फिसकटतो. आमच्यासारख्या तालावर पोट असलेल्या माणसाला ते असह्य होते. एका घराने म्हणावी, दुसऱ्याने आपला ध्वनी बंद ठेवून हात जोडावे. झांजांचा नाद गोंगाट समजून दाबून टाकण्याची खोडही या यंत्रांना असते. मूळ ध्वनी राखण्याची सोय असल्यास ती चालू करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, फोन घरभर फिरविण्यापूर्वी वृद्धांना पोटभर बोलू द्यावे. त्यांना कमी ऐकू येते, उत्तर यावयास वेळ लागतो; तेवढे थांबावे.

असो. काचेतून झालेले ओवाळणे आम्ही खोटे मानीत नाही. त्या तासाभरात आमचे जे हाल झाले तेच त्याच्या खरेपणाची साक्ष आहेत. परंतु यमुनेने भावाला पाहावयास बोलाविले नव्हते, जेवावयास बोलाविले होते. कीर्तनांच्या तिथ्या ठरलेल्या आहेत, प्रवास झेपणार नाही, ही आमची कारणे यमधर्माच्या कारणांहून मोठी नव्हेत. त्या भाऊबीजेच्या दुसऱ्याच आठवड्यात आम्ही पारपत्रासाठी अर्ज केला. अक्काची ओवाळणी पाकिटात घालून देव्हाऱ्यात ठेविली आहे; ती हातानेच द्यावयाची आहे.

ज्यांची बहीण एका एस.टी.च्या अंतरावर आहे, त्यांनी यंदा फोन खिशात ठेवून गाडी धरावी. ज्यांची दूर आहे, त्यांनी दोन्ही घड्याळे पाहून वेळेवर पाटावर बसावे. शुभं भवतु.