पगाराचा आंकडा आणि मनाजोगें काम

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आपल्या गांवांतून अद्यापि ऐकूं येते; परंतु ती म्हणणारा गृहस्थ स्वतःच्या मुलासाठीं मात्र कनिष्ठाचाच शोध करीत असतो, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच. यांत कोणास हिणविण्याचा आमचा हेतु नाहीं. पावसाचा भरंवसा नाहीं, बाजारभावाचा त्याहून नाहीं. अशा स्थितींत महिन्याच्या महिन्यास निश्चित रक्कम हातीं पडावी असें वाटणें स्वाभाविक आहे. शिवाय मुलीकडील मंडळी स्थळ पाहावयास आली म्हणजे नोकरी असावी आणि घरीं शेतीही असावी, अशी अट घालतात. नुसती शेती त्यांस चालत नाहीं. तेव्हां शिकलेल्या मुलानें जास्त पगाराची जागा धरावी, कीं बेताच्या पगाराचें परंतु मनाजोगें काम धरावें, हा प्रश्न आतां शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसला आहे. मुलगा म्हटलें तरी मुलगीही त्यांत आलीच. या प्रश्नाचा विचार हिशेबानें कसा करावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

आमची सारी नोकरी महसुली कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, ही वरवर पाहतां मोठी रुक्ष वस्तु. पण ती वर्षानुवर्षें चाळणारास गांवांतील प्रत्येक घराची कथा तींत वाचतां येते. वारसाच्या नोंदी, वाटपाच्या नोंदी, बोजाच्या नोंदी, खरेदीखताच्या नोंदी. जमीन कां विकली तें तोंडीं विचारलें तर 'घरगुती अडचण' असें मोघम उत्तर मिळतें. त्या अडचणींत दुखणीं असतात, लग्नें असतात, आणि मुलास जागा मिळवून देण्यासाठीं मोजलेली रक्कमही असते. आमच्या पाहण्यांतील एका खातेदारानें खाजगी शाळेंतील एका जागेपायीं विहिरीकाठची दीड एकर बागाईत विकली. संस्थेचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. मुलास जागा मिळाली, पण जागेस मान्यता येईपर्यंत कित्येक वर्षें त्यास नाममात्र वेतनावर राहावें लागलें. बरें, मुलास शिकविण्याची हौस होती म्हणावें, तर तेंही नव्हतें; त्याचा सारा ओढा गुरांकडे. घरची चार जनावरें त्यानें अशीं राखिलीं होतीं कीं शेजारचे लोक आपलीं आजारी गुरें त्यास दाखवावयास आणीत. त्या दीड एकरांत गोठा आणि वैरण दोन्ही झालीं असतीं. असा पगार पुढें वाढला तरी त्यांतून विकलेल्या बागाईताचें वार्षिक उत्पन्न दरसाल वजा घातल्यावांचून त्याचा खरा आंकडा निघत नाहीं. सरकारी जागेसाठीं लांच देणें हा देणाराचाही गुन्हा आहे, हें वेगळेंच.

आतां पगाराच्या आंकड्याकडे वळूं. कंपन्यांच्या जागांत हल्लीं पगार न सांगतां वार्षिक 'पॅकेज' सांगण्याची चाल आहे. या शब्दानें पुष्कळ वडील मंडळी फसतात. सहा लाखांचें पॅकेज म्हणजे दरमहा पन्नास हजार हातीं येणार, असा भागाकार ते मनांत करितात. वस्तुतः त्या सहा लाखांत मालकानें भविष्यनिर्वाह निधींत भरावयाची रक्कम धरलेली असते, पुढें केव्हां तरी मिळणारें उपदान धरलेलें असतें, आणि विक्रीचें ठरविलेलें लक्ष्य गांठलें तरच मिळणारा भागही बहुधा धरलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा कीं, सर्व कपात होऊन बँकेंत दरमहा काय जमा होईल? समजा चाळीस हजार जमा होतात. शहरांत राहण्याचे आठ हजार, खाणावळीचे पांच, जाण्यायेण्याचे व फोनचे चार, आणि कपडेलत्ते, औषधपाणी, सणावारीं गांवीं येणें यांचे चार; एकूण एकवीस हजार गेले, शिल्लक एकोणीस. उलटपक्षीं, तालुक्याच्या ठिकाणीं शेतकरी उत्पादक कंपनींत किंवा कृषि विज्ञान केंद्रांत बावीस हजारांचें काम मिळालें व मुलगा घरींच राहिला, तर पेट्रोल तीन हजार व इतर खर्च तीन हजार वजा जातां सोळा हजार उरतात. दिसावयास फरक अठरा हजारांचा, पण शिलकेंत तो तीन हजारांवर आला. पुन्हां सकाळ-संध्याकाळ घरचें एक शहाणें माणूस शेतावर राहिलें, त्याची किंमत निराळी. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल होत; प्रत्येकानें आपले घालून पाहावे.

परंतु येथेंच थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. आजचा फरक पाहून भागत नाहीं. दहाव्या वर्षींचा पाहावा लागतो. शहरांतील चांगल्या जागेचा पगार दहा वर्षांत पुष्कळ चढूं शकतो, आणि तालुक्यांतील लहान जागा तेथल्या तेथेंच राहण्याचा संभव असतो. उलट शहरांत लग्न होऊन मुलें शाळेंत जाऊं लागलीं म्हणजे खर्चही त्याच वेगानें चढतो. सरकारी नोकरीचें आकर्षण निवृत्तिवेतनामुळें होतें. परंतु महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ रोजीं व त्यानंतर लागलेल्यांसाठीं अंशदानाची पद्धत आली, आणि पुढें तींतही फेरफार झाले. वडिलांस जें मिळालें तेंच मुलास मिळेल असें गृहीत धरूं नये. ज्या जागेसाठीं अर्ज करावयाचा तिचे नियम वाचूनच हिशेब मांडावा.

हिशेबाचा दुसरा आंकडा घराचा. वर्षाचा किराणा, औषध, शिक्षण, कर्जाचा हप्ता आणि पेरणीचें भांडवल यांची बेरीज करून बारांनीं भागावें. जो आंकडा येईल त्यांतून शेतीचें वाईट वर्षाचें उत्पन्न वजा करावें. चांगल्या वर्षाचें धरूं नये. आमच्या लोकांस चांगलें वर्षच तेवढें आठवतें. उरेल ती त्या घराची किमान गरज. तिच्याखालीं जाणारें काम कितीही आवडीचें असो, तें धरल्यास दोन वर्षांत आवडीचें नांवही नकोसें होतें. तिच्या वर मात्र, पांच हजार अधिक कीं दहा हजार अधिक याला आपण समजतों तितकें महत्त्व नसतें. तेथें कामाकडे पाहावें.

ज्यांनीं मोठ्या पगाराकडे पाठ फिरविली त्या थोर पुरुषांनींही हा किमान आंकडा सोडला नव्हता, हें फारसें सांगितलें जात नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७९ सालीं सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली व १८८० च्या आरंभीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. टिळक आणि आगरकर त्यांस येऊन मिळाले. आगरकर कराडनजीकच्या टेंभू गांवचे, घरची अत्यंत गरिबी. आपला मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे तेव्हां मोठ्या पगाराची आशा धरूं नये, असें त्यांनीं आईस पत्रानें आधींच कळविलें होतें. आमच्या मतें त्या पत्रांत त्यागाइतकीच महत्त्वाची गोष्ट ही कीं, घरच्या माणसांस तें अगोदर सांगितलें, मागाहून नव्हे. पुढें १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें सेवा करावयाची व दरमहा पंचाहत्तर रुपये घ्यावयाचे असें ठरलें. गोखल्यांनीं याच शर्तीवर आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें तेथें घालविलीं. म्हणजे वेतन थोडें होतें, पण तें ठरलेलें होतें. इतकेंही करून पैशाचा प्रश्न मिटला नाहींच. सभासदांनीं बाहेरचें काम करून मिळकत करावी कीं नाहीं यावर कडाक्याचे मतभेद झाले, आणि इतर मतभेदांची त्यांत भर पडून १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. इतक्या निःस्पृह माणसांतही हा विषय वादाचा होतो, तर भावाभावांत न बोलतां तो मिटेल अशी आशा कशास धरावी?

आपल्या शेतकरीवर्गास अधिक जवळचें उदाहरण कै. विलासराव साळुंखे यांचें. हे अभियंते व पुण्यांतील कारखानदार. १९७२ चा दुष्काळ पाहून त्यांचें मन पाण्याच्या प्रश्नाकडे वळलें. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची सुमारें सोळा हेक्टर उजाड जमीन त्यांनीं खंडानें घेतली, पाणी अडविलें आणि पाणी पंचायतीची पद्धत घालून दिली. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें, भूमिहीनासही हक्क ठेवावयाचा आणि उंसासारखीं पाणीखाऊ पिकें घ्यावयाचीं नाहींत, असे तिचे नियम होते. मनाजोगें काम म्हणतात तें हें. पण पोटाची सोय आधीं कारखान्यानें केलेली होती, ही गोष्ट त्यांचें उदाहरण मुलांस सांगतांना गाळूं नये.

आतां आवड म्हणजे काय, हें थोडें तपासूं. पुष्कळ मुलांस कामाची आवड नसते, कामाच्या मानाची असते. तहसीलदार व्हावयाचें म्हणणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढें गाडी आणि लवून केलेले नमस्कार असतात. पूर आला असतां रात्रीं-अपरात्रीं पंचनामे करणें, निवडणुकीच्या दिवसांत घर विसरणें, आणि दोन भावांच्या बांधाच्या तंट्याची सुनावणी तारखांवर तारखा पडत ऐकणें, हें त्याच्या डोळ्यांपुढें नसतें. आम्हीं हें सारें टेबलाच्या या बाजूनें पाहिलें आहे. प्रत्येक कामास एक कंटाळवाणा भाग असतो, आणि तो भाग ज्यास सोसवतो त्याचें तें काम. आम्हांस जुन्या नोंदी लावून गटाचा खरा धनी शोधून काढण्यांत समाधान वाटे. शेजारच्या टेबलावरील गृहस्थास त्याच कागदांनीं डोकेदुखी होई. पगार दोघांचा सारखा, आणि बेताचाच.

म्हणून मुलगा अमुक आवडतें म्हणाला, तर त्यास तें काम करणाऱ्या माणसाबरोबर आठ-पंधरा दिवस राहावयास पाठवावें. शेतीच आवडते म्हणाला, तर एक संपूर्ण खरीप त्याच्या हवालीं करावा. बियाण्यापासून विक्रीपर्यंत सर्व खर्च त्यानें लिहावा आणि पहाटेची धारही त्यानेंच काढावी. स्पर्धा परीक्षा देतों म्हणाला, तर किती वेळां बसावयाचें तें पहिल्याच दिवशीं ठरवून लिहून ठेवावें. पुण्यांतील अभ्यासिकांत पांच-पांच, सात-सात वर्षें काढणारीं शेतकऱ्यांचीं मुलें आहेत. त्यांचा दरमहाचा खर्च गांवाकडून जातो, आणि मर्यादा न ठरविल्यामुळें परत येण्याची त्यांस लाज वाटते.

कांहीं घरांत मात्र जास्त पगाराची जागाच धरावी, असें आम्ही निःसंकोचपणें म्हणतों. सात-बाराच्या इतर हक्कांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल आणि हप्ते थकलेले असतील, जमीन सर्व जिरायत असेल, किंवा घरांत दीर्घ दुखणें असेल, तेथें मुलानें कांहीं वर्षें रुक्ष पण चांगल्या पगाराचें काम करणें हेंच शहाणपणाचें. मात्र वर्षें मोजून ठरवावींत आणि बोजा उतरल्यावर नवें कर्ज मोटारीसाठीं काढूं नये. बोजा फिटला म्हणजे बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करून नोंद कमी करून घ्यावी. कर्ज फिटूनही नोंद तशीच राहिलेलीं खातीं आम्हीं शेकड्यांनीं पाहिलीं आहेत.

नोकरी स्वीकारतांना एक दक्षता राहिली. कित्येक ठिकाणीं ठराविक मुदतीपूर्वीं नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचें बंधपत्र लिहून घेतात. तें वडिलांनींही वाचावें, मुदत व रक्कम पाहावी आणि प्रत मागून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेऊं म्हणतील तर साक्षांकित प्रती द्याव्या, मूळ देऊं नयेत. आणि जामीन म्हणून जमिनीचा उतारा मागितला, तर ती जागा त्याच दिवशीं सोडून द्यावी.