पेशीच्या देवडीवर

जुन्या वाड्यांना देवडी असे. लहान पोरे, मांजरे खुशाल आतबाहेर करीत; परक्या माणसाला मात्र 'कोण? कुणाकडे?' ह्याचा जबाब द्यावा लागे. वाचकहो, आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींत असाच एक वाडा आहे. त्याचे नाव केंद्रक.

ह्या वाड्यात डीएनए ही वंशाची पोथी जपलेली असते. उलगडली तर सुमारे २ मीटर भरेल एवढी ती लांब! मूळ पोथी आतच राहते. हव्या त्या पानाची नक्कल, म्हणजे आरएनए, बाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिने घडतात. ह्या ये-जेसाठी केंद्रकाच्या भिंतीला हजारो सूक्ष्म दारे असतात. चिल्लर रेणू त्यांतून सहज निसटतात. मोठ्यांना ओळख पटवावी लागते. प्रथिनाच्या अंगावरच त्याच्या मुक्कामाचा पत्ता कोरलेला असतो. ह्या शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल ह्यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'केंद्रक' असा पत्ता दिसला, की इम्पोर्टिन नावाचा वाटाड्या त्या प्रथिनाला आत नेतो. आत रॅन नावाचे प्रथिन त्याची पकड सोडवते, आणि वाटाड्या पुढच्या पाहुण्यासाठी माघारी येतो.

हे सारे मला समजून घ्यावे लागले ते शिक्रापूरच्या मावशीमुळे. २०२१ च्या उन्हाळ्यात तिच्या नातीचे लग्न ठरले होते. "कोव्हिशील्डने वंशाचे बीजच बदलते म्हणतात. पोरीला टोचू द्यावी का, तू सांग," मावशीने फोनवर विचारले. मी मराठी शिकवते. पण प्रश्न घरच्या मुलीच्या जिवाचा होता.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या त्या लशीत चिंपांझीचा एक विषाणू होता. वाढण्याची त्याची शक्ती आधीच काढून घेतलेली होती. त्याचे कवच केंद्रकाच्या दारात मावत नाही. ते उंबरठ्यापाशी उकलते आणि त्याचा डीएनए आत सरकतो. म्हणजे मावशीची शंका अगदीच पोकळ नव्हती! पण वाड्यात आलेला प्रत्येक कागद पोथीत शिवला जात नाही. एड्सच्या विषाणूपाशी त्यासाठी सुईदोरा असतो, ह्याच्यापाशी नसतो. त्याच्या डीएनएची नक्कल बाहेर येते, तिच्यावरून करोनाचे काटेरी प्रथिन घडते आणि शरीर शत्रूला ओळखायला शिकते. शिवाय हे घडते मुख्यतः दंडाच्या स्नायूत. वंश चालतो तो स्त्रीबीज आणि शुक्रजंतू ह्यांतून. ह्या लशीने फार क्वचित कुणाला रक्ताच्या गाठी झाल्या, हेही मी मावशीपासून लपवले नाही. सगळे ऐकून घेऊन नातीने लस घेतली.

पुढे जून २०२२ मध्ये पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीच्या लशीला परवानगी मिळाली. ती थेट आरएनएची. तिचे सारे काम देवडीबाहेरच उरकते. आत पाऊल टाकण्याची तिला गरजच नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी असे काही विचारले, तर त्यांना अडाणी म्हणून हसू नये. दारातून काय आत जाते आणि काय जात नाही, हे कळले की पुष्कळशी भीती आपोआप ओसरते.