वेस्ट बँक : आधी टेकडी, मग रस्ता, मग वसाहत

▪ सुरुवात : १९६७च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतला. पाठोपाठ ज्यू वसाहती उभ्या राहू लागल्या.

▪ आज : पूर्व जेरुसलेम धरून सुमारे ७ लाख वसाहतवासी.

▪ जमीन : वेस्ट बँकच्या सुमारे ६० टक्के भागावर इस्रायलचे पूर्ण नियंत्रण. तिथे पॅलेस्टिनींना घरबांधणीचा परवाना क्वचितच मिळतो. विनापरवाना घरावर बुलडोझर चालतो.

▪ हेब्रॉन : वेस्ट बँकमधल्या या शहरात शुहादा रस्त्यावर पॅलेस्टिनींच्या अनेक दुकानांची दारे इस्रायली लष्कराने वेल्डिंग करून बंद केली.

▪ कायदा : आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या जुलै २०२४च्या सल्लागार मतानुसार वेस्ट बँकवरील हा ताबा बेकायदा, इस्रायलला ते अमान्य.

▪ वाद : अनेक अभ्यासक या वसाहतींना ‘वसाहतवाद’ म्हणतात, या मताचे विरोधक ज्यूंचे या भूमीशी असलेले प्राचीन नाते पुढे करतात. पण कोणतेही नाते दुसऱ्याचे घर पाडण्याचा हक्क देत नाही.