पांढरी जमीन आणि विहिरीचे पाणी : नीरा खोऱ्यातील संशयित जागांची तपासणी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कालव्याखालच्या शेतात उन्हाळ्यात पांढरा थर दिसू लागला, की गावात दोन तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, हे कालव्याचे जुने दुखणे आहे. कोणी बोट दाखवितो ते मळीमिश्रित सांडपाण्याकडे. दोन्ही तर्क खरे असू शकतात. म्हणूनच नुसत्या डोळ्यांनी पाहून किंवा एकाच विहिरीचे पाणी तपासून निवाडा करता येत नाही.

पहिल्या तर्काला येथे शंभर वर्षांहून जुना आधार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, उसाला भरपूर पाणी मिळाले आणि काळ्या, चिकण जमिनीतून निचरा न झाल्याने भूजलाची पातळी वर चढली. पाण्याची वाफ झाली. क्षार मात्र पृष्ठभागावर राहिले. पुणे कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली होती. त्या वेळी खोऱ्यात आजच्यासारखे साखर कारखाने आणि आसवन्या नव्हत्या, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

तपासणीचा आरंभ त्यामुळे गिरमिटाने नव्हे, तर कागदपत्रांनी होतो. जागेचा पूर्वीचा वापर, सांडपाण्याच्या खड्ड्यांचे व चरांचे स्थान आणि ओढ्याचा जुना मार्ग यांची नोंद गाव नकाशावर घेतली जाते. वयस्क शेतकऱ्यांच्या आठवणीही या कामी मोलाच्या ठरतात. कोणत्या वर्षी कोणत्या विहिरीचे पाणी तपकिरी झाले, हे त्यांना ठाऊक असते.

त्यानंतर भूजलाची दिशा ठरवावी लागते. किमान तीन विहिरींतील पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजून ती समान आधारपातळीवर आणली, की उताराचा अंदाज येतो. हा अंदाज मात्र जपून वापरावा लागतो. येथील बेसाल्ट खडकात पाणी झिजलेल्या मुरमातून आणि भेगांतून वाहते, तर कालव्यालगत झिरप्यामुळे पातळी फुगलेली असते. उतारावरच्या विहिरीइतकाच वरच्या बाजूच्या, संशयापासून दूर असलेल्या विहिरीचा नमुनाही म्हणूनच अत्यावश्यक होय. तो नसल्यास तुलना कशाशी करावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. अनेक अहवाल नेमके येथेच लंगडे पडतात.

मातीचे नमुने पृष्ठभाग, मुळांचा थर आणि मुरूम अशा निरनिराळ्या खोलींवरून वेगवेगळे घेतले जातात. पृष्ठभागावर क्षार अधिक आणि खाली कमी असल्यास ते केशाकर्षणाने वर आल्याचा संभव असतो. परंतु खड्ड्याजवळ खोलवर क्षार वाढत गेल्यास वरून झिरपण्याचा संशय बळावतो. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरपेक्षा अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त मानतात. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेल्यास ती चोपण होते आणि तिचा उपायही निराळा असतो.

पाण्याच्या परीक्षणात नेहमीच्या क्षारांबरोबर पोटॅशियम अवश्य पाहावे. बेसाल्टमधील भूजलात ते सहसा अल्प असते, तर आसवनीच्या सांडपाण्यात भरपूर असते. चिकणमाती मात्र पोटॅशियम धरून ठेवते आणि खतांतूनही ते येते. त्यामुळे क्लोराईड, सेंद्रिय भार व रंग यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लावला जातो. नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते पाणी पिण्यासाठी वापरू नये, मग ते खतातून आलेले असो वा सांडपाण्यातून.

नमुना घेण्यापूर्वी पंप काही वेळ चालू ठेवून साचलेले पाणी काढून टाकावे, बाटली त्याच पाण्याने विसळावी आणि चिठ्ठीवर ठिकाण, खोली व तारीख लिहावी. सेंद्रिय भार व नायट्रेटसाठीचे नमुने बर्फात ठेवून त्वरित पोचवावे लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा परीक्षण केल्यास पावसाने झालेला फरकही दिसतो.

केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागा शोधून ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळविण्याचे काम त्यांत स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनाकडे सोपविले आहे. प्राथमिक मूल्यांकन त्यानंतर मंडळाने करावयाचे आहे. गाव नकाशावर खुणा केलेल्या विहिरी आणि त्यांच्या दोन ऋतूंतील नोंदी ग्रामपंचायतीपाशी तयार असल्यास त्या मूल्यांकनाला आरंभापासूनच तुलनेचा आधार मिळतो.