हिमाची वाट आणि वैनगंगेचें शहाणपण

सावलीचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे, त्यांस हिमालयाची ओढ कां वाटते हें सांगावयास नको. 2019 च्या जून महिन्यांत पाठीवर पिशव्या टाकून आम्हीं हेमकुंडाच्या यात्रेस निघालों, तेव्हां बर्फ म्हणजे शीतल सुख, एवढीच आमची कल्पना होती. त्या हिवाळ्यांत गढवालांत हिमवर्षाव फार झाला होता. लष्कराच्या जवानांनीं बर्फ कापून वाट मोकळी केली, आणि 1 जूनला यात्रा सुरू झाली.

घांघरियाहून हेमकुंड 6 किलोमीटर. पण चढण सुमारे 4 हजार फुटांची. पहिल्या दिवशीं चहापाणी व आवराआवर यांतच नऊ वाजले. बर्फाच्या पट्ट्यापाशीं पोहोंचलों तों ऊन माथ्यावर आलें होतें. कापलेली वाट वळसा घेऊन जात होती. समोरून मात्र सरळ, शुभ्र उतार दिसत होता. आमचा पुतण्या त्यावर पाऊल टाकणार, तोंच काका म्हणाले, "थांब रे बाळ! खालीं पाणी वाजतें आहे." त्यांनीं काठी रोंवली, ती मुठीपर्यंत आंत गेली.

काकांचें सारें आयुष्य सावलीच्या पूर्वेस वाहणाऱ्या वैनगंगेच्या सोबतीनें गेलें. वरून कोरडी दिसणारी रेती पायाखालीं कशी खचते, हें त्यांस ठाऊक. बर्फाचेंही तसेंच आहे. हिवाळ्यांत ओढे बर्फानें बुजतात. उन्हाळ्यांत पाणी खालून बोगदा कोरीत जातें, आणि वर छत तेवढें उरतें. रात्रीच्या थंडीनें तें घट्ट होतें, दुपारच्या उन्हानें मऊ पडतें. हिवाळा जितका बर्फाचा, तितकीं हीं फसवीं छतें उन्हाळ्यांत अधिक दिवस टिकतात.

उशीर झालाच होता. काकांनीं सर्वांस परत फिरविलें. दुसरा दिवस फुलांच्या दरीसाठीं राखला होता, तो हेमकुंडास द्यावा लागला. पुतण्या रात्रीं जेवतांना कोणाशीं बोलला नाहीं.

दुसरे दिवशीं पहांटेंच निघालों. कालचा भुसभुशीत बर्फ आतां पायाखालीं करकरत होता. गोठलेलें सरोवर व कांठचें लक्ष्मणाचें मंदिर पाहून वेळेवर उतरणीस लागलों. कालच्या जागीं येऊन पाहतों तों त्या शुभ्र उतारावर काळें भगदाड पडलेलें, आणि आंत पाणी धांवत होतें. पुतण्यानें मुकाट्यानें काकांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

तिकडे जाणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें थोडें आहे. ओझें हलकें असावें. बर्फावरील उन्हानें डोळे दुखावतात, म्हणून काळा चष्मा घ्यावा. मोज्यांचा एक कोरडा जोड आणि काठी विसरूं नये. निघावें पहांटे. आणि हिशेबांत एक दिवस मोकळा ठेवावा, तो परत फिरण्यासाठीं.